गोळीला लेप आहे, मग नळी कशाला पुसायची?

मागच्या अंकात रायफलच्या देखभालीवर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरत होती, ती म्हणजे लेप दिलेल्या गोळ्या आणि नळीची सफाई. मी सैन्यात बावीस वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्तीनंतर नागपुरात एका रेंजवर मुलामुलींना रायफल सांभाळायला शिकवतो. सगळ्यांना आधी एकच विनंती. पुढचं काहीही करण्यापूर्वी मॅगझीन काढा, बोल्ट (मागून नळी बंद करणारा दांडा) काढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीची मागची जागा, रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा आणि शेजारच्यालाही पाहायला सांगा. हे माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी अजून रोज करतो.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, 50 मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी, खेळते. तिच्यासोबतची मुलं सांगतात की आताच्या गोळ्यांना लेप असतो, त्यामुळे बॅरल साफ करायची गरजच नाही. उलट साफ केलं की ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, फाटतो. गेल्या महिन्यात तिने साफ केलं तेव्हा पहिले दहा-बारा शॉट खरोखरच इकडेतिकडे गेले. आता ती ब्रशला हात लावू देत नाही. काय करावं?
एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, मुलीने पाहिलं ते खरं आहे. तिच्या मित्रांनी त्यावरून जे ठरवलं ते मात्र चुकलं.

घरी बिडाचा तवा असेल तर ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. तवा खसखसून घासला की पहिली दोन धिरडी चिकटतात, तिसऱ्यापासून सुटायला लागतात, कारण तव्यावर तेलाचा हात बसावा लागतो. तुमच्या मुलीच्या रायफलच्या, म्हणजे .22 बोअरच्या, नळीचं तसंच आहे. स्पर्धेच्या .22 ची गोळी नुसत्या शिशाची असते. वजन जेमतेम 2.6 ग्रॅम, वेग सेकंदाला 330 मीटरच्या आसपास. शिसं मऊ. कोरडं शिसं पोलादावरून त्या वेगाने घासत गेलं तर त्याचे कण पोलादाला चिकटून राहतात. म्हणून कारखान्यातच गोळीला बाहेरून मेणाचा किंवा मेण-चरबीचा हात देतात. डबीतून राउंड, म्हणजे काडतूस, काढताना बोटांना जे चिकट लागतं ते हेच. प्रत्येक गोळी जाताना या मेणाची झिलई नळीत सोडून जाते आणि पुढची गोळी त्या झिलईवरून जाते. दहा-वीस गोळ्यांनी ती झिलई चेंबरपासून तोंडापर्यंत सारखी बसते आणि ग्रुप आवळतो. मुलीने नळी साफ केली, झिलई निघाली, म्हणून पहिले दहा-बारा शॉट पसरले. गोळीची कंपनी बदलली तरी हेच होतं, कारण प्रत्येकाचं मेण वेगळं. जुनं निघून नवं बसेपर्यंत नळी कुणाचंच ऐकत नाही. 50 मीटरवरचा दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा. तिथे एवढासा फरकही दहाचा नऊ करतो.

पण तव्यावरचा तेलाचा हात वेगळा आणि कडेला जळून बसलेलं कीट वेगळं. कीट खरवडावंच लागतं.

.22 च्या काडतुसात प्रायमर, म्हणजे दारूला ठिणगी देणारा मसाला, मागच्या कडेत भरलेला असतो आणि तो पेटावा म्हणून त्यात बहुधा काचेची बारीक पूड घातलेली असते. ती पूड, दारूची काजळी, जळकं मेण आणि थोडं शिसं मिळून चेंबर संपते तिथेच, नळीच्या सुरुवातीला, एक कडक कडं धरतं. आमच्या रेंजवरची मुलं त्याला कार्बन रिंग म्हणतात. गोळी नळीत शिरते ती याच कड्यातून दाबली जाऊन. मऊ शिशाला तिथे ओरखडा पडला की पुढे नळी कितीही चांगली असली तरी गोळी बिघडलेलीच निघते. मेणाचा लेप हे कडं थांबवत नाही, उलट त्याच्या जळक्या भागाने ते वाढतं.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या रेंजवरचा एक मुलगा फार खचला होता. आठ महिन्यांपूर्वी त्याचा ग्रुप एका नाण्याखाली झाकला जायचा, आता दर दहा शॉटमागे एक-दोन कुठेही जात होते. त्याने गोळ्यांचा लॉट बदलला, डोळे तपासून आला, जॅकेटचे पट्टे बदलले, बापाने कर्ज काढून नवी साईट घेऊन दिली. नळीत ब्रश मात्र आठ महिन्यांत एकदाही गेला नव्हता. मी बोरस्कोप, म्हणजे नळीच्या आत पाहायची दुर्बीण, घातला तर चेंबरच्या पुढे बोटाच्या पेराएवढ्या भागात काळं डांबर लावल्यासारखा थर. दोन संध्याकाळ लागल्या तो काढायला. तिसऱ्या दिवशी पंधरा गोळ्या नुसत्या नळी बसवण्यासाठी मारायला लावल्या आणि मग कार्ड लावलं. ते कार्ड त्याने घरी नेऊन देवघरात ठेवलं. साईटचे पैसे मात्र गेले ते गेले. त्या बापाचा चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

मुलीला माझा पाठ सांगा. सराव संपल्यावर, नळी कोमट असतानाच, सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे कीट विरघळवणाऱ्या द्रवात, ओली केलेली एक चिंदी आणि मग दोन कोरड्या. एवढं रोज. दर तीनशे-चारशे गोळ्यांनंतर काशाचा ब्रश, सॉल्व्हंट लावून, आणि जास्त मेहनत फक्त चेंबरच्या पुढच्या दोन-तीन इंचांत. पोलादी ब्रश नळीत कधीच नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री सफाई करायची नाही. दोन-तीन दिवस आधी करायची आणि त्यानंतर वीस-पंचवीस गोळ्यांचा सराव करून नळी बसवूनच स्पर्धेला जायचं. सायटिंगच्या, म्हणजे स्पर्धेआधी नेम जुळवायच्या, वेळेत नळी बसवू म्हटलं तर मन साईटवर राहत नाही.

आणि सफाईचा रॉड. यावर मला थोडं जास्त बोलू द्या. माझ्या अनुभवात गोळ्यांनी जेवढ्या नळ्या खराब झाल्या त्यापेक्षा कितीतरी जास्त सफाई करणाऱ्याच्या हातांनी झाल्या. भरती होऊन मला दोनच वर्षं झाली होती. सरावाच्या .22 रायफली माझ्याकडे होत्या आणि मी पुल-थ्रूने, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायच्या दोरीने, त्या रोज साफ करायचो. काम लवकर उरकावं म्हणून दोरी सरळ न ओढता अंगाकडे, तिरपी ओढायची मला सवय लागली. दोरीला स्टोअरमधली धूळ लागलेली असायची. काही महिन्यांनी उस्तादांनी एक रायफल घेतली, तिच्या तोंडावरून नखाची कड फिरवली आणि माझं बोट धरून तिथे ठेवलं. एका बाजूला बारीकशी चर पडली होती. मी केलेली. पोलादाला सुती दोरीने चर पडते हे मला त्या दिवशी कळलं. गोळी नळीतून बाहेर पडताना ज्या कडेला तिचा शेवटचा स्पर्श होतो, ती कड एका बाजूने झिजली की मागून येणारा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. उस्ताद रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इसको तूने मारा है." ती रायफल पुढे नेमबाजीसाठी वापरली गेली नाही.

म्हणून रॉड अखंड घ्या, जोडाचा नको. वरून प्लास्टिकचं आवरण असलेला किंवा कार्बन फायबरचा. बोल्टच्या जागी बोर गाइड, म्हणजे रॉडला वाट दाखवणारी नळी, बसवा, म्हणजे रॉड मधोमध राहील. चेंबरकडून ढकलायचं, तोंडाकडून नाही. चिंदी तोंडाबाहेर आली की काढून टाकायची, ती घाण परत आत ओढायची नाही. रॉड दर वेळी पुसायचा. घाई असेल त्या दिवशी सफाई करूच नये, हे बरं.

एक खास नागपूरची गोष्ट. तुमच्याकडे मे महिन्यात रायफल कुठे असते? बहुतेक घरांत ती मुलाच्या किंवा मुलीच्या खोलीत असते आणि त्याच खोलीत खिडकीला कूलर. बाहेर 45 अंश आणि हवा करकरीत कोरडी, त्यामुळे आपण गंज पावसाळ्यात येतो असं धरून चालतो. पण कूलरची हवा ओली असते आणि ती खोली दिवसभर ओल धरते. मी जूनच्या आधी गंजलेल्या रायफली याच शहरात पाहिल्यात. कूलर नसलेल्या खोलीतल्या कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि फोमच्या बॅगेत रात्रभर ठेवू नका. फोम ओल सोडत नाही. स्टेनलेसची नळी असली तरी निर्धास्त राहू नका. तीही गंजते, फक्त उशिरा.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची .315 बोअरची रायफल परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. वर्षाकाठी एखादा राउंड उडतो, कधी तोही नाही. नळीत पाहिलं तर तपकिरी-तांबूस दिसतं. दुकानदार म्हणतात तांब्याच्या टोपणाची गोळी आहे, तांबं बसलंय, त्याने नळीचं रक्षणच होतं. खरं का?
एक शेतकरी, काटोल

उत्तर : दादा, तांबं असेल तर फार काळजी नाही. गंज असेल तर आहे. दोन्ही लांबून सारखेच दिसतात, म्हणून चिंदीला विचारा.

पांढऱ्या सुती कापडाच्या चार इंच बाय दोन इंच चिंद्या फाडा. पहिली थोड्या तेलात भिजवून नळीतून काढा आणि उजेडात पाहा. काळी आली तर काजळी. विटकरी-लालसर आली, बोटांना किंचित खरखरीत लागली, तर गंज. करड्या रंगाचे चमकदार कण दिसले तर शिसं. तांबं तेलाने निघत नाही, त्यासाठी अमोनियाचं कॉपर सॉल्व्हंट लागतं. ते लावून बाटलीवर लिहिलेला वेळ थांबलात आणि चिंदी निळी-हिरवी आली तर तांबं. मात्र चिंदी धरणारं टोक पितळेचं असेल तर सॉल्व्हंट त्यालाच खाऊन निळं होतं, आणि माणूस आठवडाभर नसलेलं तांबं काढत बसतो. टोक प्लास्टिकचं घ्या. आणि अमोनिया रात्रभर नळीत ठेवू नका, पोलादाला ते सोसत नाही.

दुकानदारांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. तांब्याचा पातळ, सारखा थर नळीला इजा करत नाही, आणि प्रत्येक वेळी शेवटचा कण काढत बसण्याची गरज नाही. पण तांबं गंजापासून वाचवतं हे खरं नाही. तो थर सलग नसतो, रेघांमध्ये बसतो. त्याच्या खाली आणि कडेला काजळी राहते, काजळी ओल धरते, आणि वर्षभर कुणी पाहिलं नाही की तिथे खड्डे पडतात. एकदा खड्डा पडला की तो भरून निघत नाही. उलट प्रत्येक गोळी तिथे आणखी तांबं सोडते. तुमची रायफल वर्षात एकदा उडते, म्हणून तिला जास्त जपावं लागतं. रोज उडणारी रोज पुसली जाते.

तुमच्यासाठी रीत सोपी आहे. राउंड उडाला की त्याच संध्याकाळी सफाई, दुसऱ्या दिवशी परत एक चिंदी, कारण काजळी रात्रभरात सुटून वर येते. मग तेलाची चिंदी, थोडी अरुंद, चार बाय दीड इंचाची, म्हणजे ती तेल पुसून नेत नाही, मागे सोडते. मृगाच्या आधी, पोळ्याला आणि दिवाळीत रायफल बाहेर काढून नळी पाहायची, उडालेली असो वा नसो. ठेवताना तोंड खाली करून ठेवा. तोंड वर असलं की तेल हळूहळू मागे उतरतं आणि लाकडी दस्ता मऊ पडतो. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात वर्षभर ठेवू नका.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करावं लागतं तेव्हाची काळजी वेगळी. दोन महिने ते कुठे, कोणत्या भिंतीला टेकून असेल हे तुमच्या हातात नसतं. जमा करण्याआधी नळीत ग्रीसचा हलका हात द्या आणि ट्रिगर गार्डला चिठ्ठी बांधा : "नळीत ग्रीस आहे, साफ केल्याशिवाय वापरू नये." परत आणल्यावर ते ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय राउंड घालायचा नाही. नळीत जाड ग्रीस असताना गोळी मारली तर नळी फुगू शकते. आणि राउंड मारण्याआधी एक कोरडी चिंदी, नेहमी. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते.

प्रश्न : आमच्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं की 1857 च्या काडतुसांना चरबी लावायचं कारण लष्करी होतं, धर्म बुडवायचं नव्हतं. मग चरबी लागायचीच का? आजच्या लेपाच्या गोळ्यांशी त्याचा काही संबंध आहे का?
बी.ए.चा विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : बाळा, फार चांगला प्रश्न विचारलास. संबंध सरळ आहे. ती लेपाचीच गोळी होती.

1853 च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल तोंडाकडून भरायची. तिच्या नळीत पिळदार खाचा होत्या, .577 इंच बोअर. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, आत दारू आणि शिशाची गोळी. शिपायाने कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट गजाने खाली दाबायची. त्या वेळची काळी दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग राख व्हायचा, काही धुरात जायचा, बाकी नळीत राहायचा. थोडे बार झाले की नळीत एवढं कीट साचायचं की गोळी खाली जाईना. म्हणून कागदाच्या गोळीकडच्या भागाला चरबी आणि मेण यांचं मिश्रण लावलेलं असायचं. त्याने गोळी सरकायची आणि कीट मऊ राहायचं. आज तुझ्या वयाची मुलं .22 ची जी गोळी मारतात तिच्यावरचं मेण हेच काम करतं.

तुझ्या सरांचं म्हणणं कारणापुरतं बरोबर आहे. पण ती चरबी कोणत्या जनावराची, हे शिपायांनी विचारलं तेव्हा त्यांना भरवसा वाटेल असं उत्तर वेळेवर मिळालं नाही. दाताने तोडायची वस्तू होती ती. शिपायाच्या ताटात काय जातं हे त्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नसतं. मी बावीस वर्षं शिपायांसोबत जेवलोय, ही गोष्ट मला पुस्तकाबाहेरूनही कळते.

पुढचं थोडक्यात. धूर न करणारी नवी दारू आली, गोळीचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या पुढे गेला आणि नुसतं शिसं टिकेना, खाचांत चिकटून सोलून निघू लागलं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी 1882 च्या सुमारास शिशावर तांब्याचं कवच चढवलं. फ्रेंचांची 1886 ची लेबेल ही अशा दारूवर चालणारी पहिली लष्करी रायफल. मग तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची कवचं आली. ती नळीत ढेकळासारखा थर धरायची आणि तो काढणं फार जिकिरीचं होतं. त्यावर उपाय म्हणून 1921 मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धेच्या गोळ्यांना कथिलाचा मुलामा दिला. नळी खरंच स्वच्छ राहू लागली. पण कथिल काडतुसाच्या गोळी धरणाऱ्या पितळी गळ्याला धरून बसायचं, आणि काही नेमबाज जुन्या सवयीने त्याच गोळ्या ग्रीसमध्येही बुडवायचे. गळ्याला फुलायला जागा राहिली नाही की दाब भलताच वाढतो. काही रायफली फुटल्या. पुढच्याच वर्षी कथिल सोडलं आणि नव्वद-पंचाण्णव टक्के तांबं, बाकी जस्त अशा कवचावर आले. तुझ्या आजूबाजूला दिसणाऱ्या बहुतेक रायफलींच्या गोळ्यांचं कवच आज त्याच जातीचं आहे.

हे 1921 चं उदाहरण नीट लक्षात ठेव. पुढच्या पत्रात तेच आलंय.

प्रश्न : मॉलीची म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पूड लावलेल्या गोळ्यांनी बॅरल शेकडो राउंड साफ करावी लागत नाही असं वाचलं. पूड औद्योगिक दुकानात मिळते. माझ्या परवान्यावरच्या राउंडना घरी लावली तर चालेल का? मित्र म्हणतो गोळी काडतुसातून ओढून, लेप देऊन परत बसवायची.
एक परवानाधारक, अमरावती

उत्तर : नाही. लावू नका, आणि मित्राचं तर मुळीच ऐकू नका.

आधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे आहे तो बाळगण्याचा आणि वापरण्याचा. काडतूस उघडून परत बांधणं हा घरगुती प्रयोग नाही.

आता पोलादाचं. मॉलीने घर्षण कमी होतं हे खरं आहे. घर्षण कमी झालं की दारूला समोरून मिळणारा अडसर कमी होतो, दाब कमी चढतो आणि गोळीचा वेग उतरतो. जिथे लोक कायदेशीरपणे आपली काडतुसं स्वतः बांधतात तिथे ते वेग मोजून, थोडीथोडी दारू वाढवून ही भरपाई करतात. कारखान्याने एका हिशोबाने बांधलेलं काडतूस तुम्ही उघडलंत की तो हिशोब मोडला. गोळी किती खोल बसली, गळ्याने किती घट्ट धरली, यावर दाब ठरतो. तो तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटत असतो.

बांधलेल्या राउंडवर नुसती पूड चोळली तर? तेही नको. बार झाल्यावर काडतुसाचं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं आणि त्यामुळे मागचा बराच जोर भिंतीवर जातो. पितळ तेलकट किंवा बुळबुळीत असेल तर ते धरत नाही, सगळा जोर बोल्टवर येतो. काडतुसं पुसून कोरडी घालायची, हा नियम यासाठीच आहे.

आणि "साफ करावी लागत नाही" यावर माझा अनुभव ऐका. मॉलीच्या गोळ्या वापरलेल्या दोन-तीन नळ्या माझ्या हाताखालून गेल्यात. वरून काळीभोर, गुळगुळीत, सुंदर दिसतात. पण तो रंगावर रंग मारल्यासारखा प्रकार असतो. काजळीवर मॉली, मॉलीवर काजळी, पुन्हा मॉली. साधं सॉल्व्हंट वरच्या थराला धक्का लावत नाही, चिंदी जरा काळी येते आणि माणसाला वाटतं झालं साफ. खाली ओल अडकली असेल तर गंज आपलं काम करत राहतो. एका नळीत थर काढल्यावर खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे निघाले. मालकाने पाच पावसाळे ती उघडून पाहिली नव्हती, कारण पाहायची गरज नाही असंच त्याला सांगितलं गेलं होतं. बोरॉन नायट्राइडची पांढरी पूड असो की हल्लीचं रंगीत पॉलिमरचं आवरण, कारखान्यातून लेप देऊन आलेली गोळी रायफलच्या जातीप्रमाणे खुशाल वापरा. त्याने शिसं किंवा तांबं कमी चिकटतं, हा फायदा खरा आहे. पण दारू जळतेच, प्रायमर जळतोच, त्यांची काजळी कुठल्या लेपाने नाहीशी होत नाही.

प्रश्न : मुलगा 10 मीटर एअर रायफल शिकतोय, वय अकरा. तांब्याचा मुलामा दिलेल्या पेलेट घ्याव्यात का? बॅरलमध्ये तेल किती टाकायचं?
वडील, मानकापूर, नागपूर

उत्तर : स्पर्धेसाठी साध्या शिशाच्या, सपाट तोंडाच्या 4.5 मिमी पेलेटच घ्या. मुलामा कडक असतो, खाचांत तेवढा छान बसत नाही. तेल नळीत टाकायचंच नाही. स्प्रिंगच्या रायफलीत तर ते दाबाने पेट घेऊ शकतं. इथे दारू नाही, त्यामुळे काजळीही नाही. आठवड्यातून एकदा फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, दोन-तीन गुट्ट्या मारल्या की पुरे. पण दादा, मुलाचे हात. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नका. शिसं लहान मुलांच्या अंगात फार लवकर भिनतं. आमच्या रेंजवर डबा आणि पेलेट एका बाकावर दिसले की मी सराव थांबवतो.

प्रश्न : मी सत्तरच्या दशकात एन.सी.सी.त होतो. तेव्हा .303 मारल्यावर आम्हाला नळीत उकळतं पाणी ओतायला लावायचे. नातवाला सांगितलं तर तो हसतो, म्हणतो पाण्याने लोखंड गंजणारच. आमचे उस्ताद चुकत होते का?
निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गुरुजी, तुमचे उस्ताद अगदी बरोबर होते. नातवाला पुढचं वाचून दाखवा.

त्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड मागे उरतं, जवळपास मिठासारखं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, हे पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीने सगळ्यांना दाखवलेलं आहे. तेच मीठ नळीत पसरलं की एका रात्रीत गंज धरतो. आणि मीठ तेलात विरघळत नाही. तेलाची चिंदी कितीही फिरवा, मीठ तेलाखाली तसंच राहतं. ते फक्त पाण्यात विरघळतं. म्हणून पाणी. उकळतं अशासाठी की नळी तापते आणि आतलं पाणी आपोआप वाळून जातं.

आजच्या बहुतेक काडतुसांचा प्रायमर क्षार सोडत नाही, त्यामुळे नातवाला त्याची गरज पडणार नाही. पण कुणाकडे वाडवडिलांच्या वेळच्या काडतुसांची पेटी असेल तर ती मारूच नका. परवाना दाखवून दुकानात किंवा ठाण्यात जमा करा. आणि कुणी मारली असलीच तर त्या रात्री सॉल्व्हंट शोधत बसू नका. दस्ता काढून ठेवा, चेंबरकडून नरसाळ्याने किटलीभर उकळतं पाणी सोडा, तोंडाखाली बादली धरा, हाताला जाड फडकं गुंडाळा कारण नळी चटका देते. मग कोरड्या चिंद्या, एक कोरी निघेपर्यंत. मग तेल. आणि सकाळी उठल्यावर चहाच्या आधी पुन्हा एक पांढरी चिंदी काढून उजेडात पाहा.